एलिझाबेथ हाऊलंड कुणाची लेक?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावातल्या बरिअल हिल या टेकडीवर, जुन्या दफनभूमीत, एकोणिसाव्या शतकात हाऊलंड घराण्याच्या वंशजांनी आपल्या मूळ पुरुषाच्या नावाचा दगड बसवला. जॉन हाऊलंड आणि त्याची बायको एलिझाबेथ १६२० मध्ये इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या लोकांबरोबर मेफ्लॉवर जहाजातून आले, त्यांना चार मुलगे आणि सहा मुली झाल्या, आणि एलिझाबेथ ही वसाहतीचे पहिले गव्हर्नर जॉन कार्व्हर यांची कन्या, असं त्यावर कोरलं होतं. जहाजाची गोष्ट खरी. मुलांचा आकडा खरा. गव्हर्नरांशी मात्र एलिझाबेथचं लेकीचं नातं नव्हतं.

ती त्याच जहाजातल्या जॉन टिली नावाच्या साध्या प्रवाशाची मुलगी. किनाऱ्याला लागल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईवडील दोघंही वारले आणि तेरा वर्षांची पोर मागे उरली. तिच्याच नातवंडा-पणतवंडांच्या वंशाने पुढे तिचे खरे आईबाप विसरून तिला गव्हर्नरांच्या घरात नेऊन बसवलं. ही समजूत कशी रुजली, कोणत्या कागदाने ती उखडली, आणि त्यानंतरही इंग्लंडमधलं तिचं गाव सापडायला आणखी एकशेवीस वर्षं का जावी लागली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

वसाहतकालीन अमेरिकेतल्या पूर्वजांच्या शोधाची किती तरी प्रकरणं छापली गेली आहेत. मी हे निवडलं ते शोध एका बाईचा आहे म्हणून. आपल्याकडचे कुलवृत्तांत उघडून पाहा. पुरुषांची ओळ आठ-दहा पिढ्या सरळ मागे जाते. सुनांच्या बाबतीत सासरचं नाव आणि माहेरचं आडनाव, आणि जुन्या पिढ्यांत कित्येकदा तेवढंही नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे प्लिमथ ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य भागात, याहून फार वेगळं नव्हतं. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या आडनावाने कागदावर येते. तिचं माहेर शोधायचं तर लग्नाचा किंवा लग्नाआधीचा कागद हवा, आणि एलिझाबेथच्या लग्नाची नोंदच नाही.

गव्हर्नरांची कन्या कुठून आली

जॉन हाऊलंड मेफ्लॉवरवर चढला तो कार्व्हर यांच्या घरचा नोकर म्हणून. वाटेत वादळात तो जहाजावरून समुद्रात फेकला गेला. पाण्यात लोंबकळणारा शिडाचा दोर हाताला लागला, तो त्याने सोडला नाही, आणि लोकांनी आकडी लावून त्याला वर ओढून घेतलं. एप्रिल १६२१ मध्ये कार्व्हर शेतातून आजारी होऊन परतले आणि थोड्याच दिवसांत वारले. पाच-सहा आठवड्यांनी त्यांच्या पत्नी कॅथरीनही गेल्या. मालक-मालकीण गेल्यावर हाऊलंड स्वतःच्या पायावर उभा राहिला. पुढे तो गव्हर्नरांच्या सहायकांत बसला, केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा कारभार त्याने पाहिला, प्लिमथचा प्रतिनिधी म्हणून वर्षानुवर्षं वसाहतीच्या सभेत गेला.

आता यात समजुतीला जागा कुठे आहे ते पाहा. हाऊलंड कार्व्हर यांच्या घरातला माणूस, हे खरं. त्याच्या बायकोचं नाव एलिझाबेथ, हेही खरं. तिचं माहेर कुठलं हे सांगणारा कागद लोकांच्या हाताशी नव्हता. दोन खऱ्या गोष्टींमधली रिकामी जागा कुणीतरी अंदाजाने भरली असावी आणि अंदाज चांगला प्रतिष्ठेचा असल्याने पुढच्या कुणाला तो तपासावासा वाटला नसावा. वंशावळीत चुका शिरतात त्या बहुतेक अशाच, लबाडीने नव्हे तर मायेने. आपला पूर्वज थोडा मोठा असावा असं प्रत्येकाला वाटतं.

पण पुराव्याच्या दृष्टीने त्या दगडाचं वजन किती? कोणत्याही विधानाला तीन प्रश्न विचारायचे असतात: हे कोण सांगतंय, कधी सांगतंय आणि त्याला कसं कळलं. एलिझाबेथ वारली १६८७ मध्ये. दगड बसला त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी. तो कोरून घेणाऱ्यांपैकी कुणी तिला पाहिलेलं नव्हतं, आणि ती हयात असतानाचा एकही कागद तिला कार्व्हर म्हणत नाही. म्हणजे दगड कितीही टणक असला तरी तो ऐकीव पुरावाच. समाधीलेखांबद्दल ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कोरलेलं अक्षर खोडता येत नाही म्हणून ते खरं ठरत नाही. तो लेख माणूस गेल्या वेळी कोरला की चार पिढ्यांनंतर, हे आधी पाहावं.

फुलहॅमच्या ग्रंथालयातलं बाड

हे कोडं सोडवणारा माणूस त्याच जहाजात होता. विल्यम ब्रॅडफर्ड हे कार्व्हर यांच्यानंतरचे गव्हर्नर. त्यांनी वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आणि १६५० च्या सुमारास शेवटी एक यादी जोडली: मेफ्लॉवरवरून कोण कोण आलं, कुणाच्या घरात कोण होतं, आणि तीस वर्षांनी त्यांतलं कोण उरलं, कुणाचा वंश किती वाढला.

या यादीत कार्व्हर यांच्या घरात ते स्वतः, पत्नी कॅथरीन, डिझायर मिंटर नावाची मुलगी, जॉन हाऊलंड आणि रॉजर वाइल्डर हे दोन नोकर, विल्यम लेथम नावाचा पोरगा, एक मोलकरीण आणि सांभाळायला दिलेलं जॅस्पर मोर हे मूल अशी माणसं आहेत. कार्व्हर यांची मुलगी कुठेही नाही. थोडं खाली जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ, हे वेगळं कुटुंब. मग दुसऱ्या भागात निकाल लागतो. हाऊलंडने जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं, दोघंही आज हयात आहेत, त्यांना दहा मुलं असून सगळी जिवंत आहेत, थोरल्या मुलीला चार आणि दुसरीला एक अपत्य आहे, असं ब्रॅडफर्ड सांगतात. टिली नवरा-बायको किनाऱ्यावर आल्यावर लवकरच वारले, हेही त्याच यादीत आहे.

इथे पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले की फरक दिसतो. सांगणारा माणूस जहाजात होता. ज्या जोडप्याबद्दल तो लिहितो ते तीस वर्षं त्याच वसाहतीत त्याच्या ओळखीत राहत होतं आणि लिहिताना हयात होतं. एलिझाबेथला टिलीची मुलगी म्हणण्यात त्याचा कसलाही फायदा नव्हता. अशा एका ओळीपुढे दीडशे वर्षांची घराण्याची आठवण उभी राहू शकत नाही.

मग ही ओळ इतकी वर्षं होती कुठे? ब्रॅडफर्ड यांचं हस्तलिखित त्यांच्या वंशजांकडून थॉमस प्रिन्स या बोस्टनच्या धर्मोपदेशकाकडे आलं. प्रिन्स यांनी त्याचा उपयोग केला आणि ते ओल्ड साऊथ चर्चमधल्या ग्रंथसंग्रहात ठेवलं. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बोस्टन ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होतं आणि त्या चर्चचाही सैन्याने वापर केला. त्यानंतर बाड दिसेनासं झालं. पुढे १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या सॅम्युएल विल्बरफोर्स यांनी अमेरिकेतल्या चर्चचा इतिहास छापला. त्यात लंडनच्या बिशपांच्या फुलहॅममधल्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितातले उतारे होते. ते उतारे कुणाचे असावेत हे मॅसॅच्युसेट्समधल्या अभ्यासकांच्या लक्षात यायला १८५५ साल उजाडलं. १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने चार्ल्स डीन यांच्या संपादनाखाली संपूर्ण मजकूर छापला, आणि मूळ बाड १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळालं.

छापील पुस्तकात उतारे अकरा वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, हे मला या प्रकरणातलं फार शिकण्याजोगं वाटतं. कागद हरवलेला नव्हता, तो दुसऱ्या विषयाच्या पुस्तकात होता. कौटुंबिक इतिहास शोधणारे फक्त वंशावळीच चाळत राहतात. चर्चचा इतिहास, जमिनीचे खटले, जहाजांचे हिशेब, दुसऱ्या घराण्याची पत्रं यांत आपल्या माणसाची ओळ निघू शकते, हे मनात आलं पाहिजे.

समजूत मात्र लगेच मेली नाही. काहींनी तडजोड शोधली: बरं, वडील टिली, पण मग एलिझाबेथची आई तरी कार्व्हर यांची मुलगी असेल. याला कसलाही आधार नव्हता. दुसरी एक जोडणी जास्त शिकलेल्यांनी केली. मेफ्लॉवरच्या लोकांपैकी बरेच जण आधी हॉलंडमध्ये लायडनला राहिले होते. तिथल्या विवाहनोंदींत १६१५ मध्ये टिली नावाच्या माणसाचं व्हॅन डर वेल्डे आडनावाच्या बाईशी लग्न सापडलं. नाव जुळलं, गाव जुळलं, आणि ही बाई कित्येक छापील वंशावळींत एलिझाबेथची आई म्हणून जाऊन बसली. नाव जुळणं आणि माणूस जुळणं यांत केवढं अंतर असतं ते पुढे हेन्लो या इंग्लंडमधल्या गावाच्या चर्चच्या नोंदवहीने दाखवून दिलं. १६१५ मध्ये लग्न झालेली बाई १६०७ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलीची आई कशी असेल?

रॅगहॉर्न गाय आणि दोन मृत्युपत्रं

हेन्लोकडे जाण्याआधी प्लिमथचेच कागद पाहायला हवेत. वंशशोधात नियम असा की समुद्र ओलांडण्याआधी अलीकडचा काठ पूर्ण धुंडाळायचा. नाहीतर इंग्लंडमधली कुठलीही एलिझाबेथ आपली वाटू लागते.

१६२७ मध्ये वसाहतीने सामायिक गुरं वाटून घेतली. बारा गट पाडले, प्रत्येकात तेरा माणसं, आणि प्रत्येकाचं नाव लिहिलं, बायकांचं आणि तान्ह्या मुलांचंही. एकूण एकशे छप्पन नावं. हेतू गाई-शेळ्या वाटण्याचा होता, पण हाती आली ती जवळजवळ संपूर्ण शिरगणती. चौथ्या गटाचा प्रमुख जॉन हाऊलंड. त्याच्यानंतर बायको एलिझाबेथ हाऊलंड, मग धाकटा जॉन हाऊलंड, मग डिझायर हाऊलंड. त्याच गटात जॉन ऑल्डनचं कुटुंब. या गटाच्या वाट्याला जेकब जहाजातून आलेल्या कालवडींपैकी एक आली, तिचं नाव रॅगहॉर्न. लग्नाची नोंद नसली तरी १६२७ पर्यंत एलिझाबेथ हाऊलंड झाली होती आणि तिला दोन मुलं होती, एवढं या गुरांच्या वाटणीतून पक्कं होतं. थोरल्या मुलीचं नाव डिझायर. कार्व्हर यांच्या घरातल्या डिझायर मिंटरवरून ते ठेवलं असावं असं अभ्यासक मानतात. ते संभवनीय आहे, सिद्ध नाही.

आता मृत्युपत्रं. जॉनने आपलं मृत्युपत्र २९ मे १६७२ रोजी केलं. प्लिमथच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची तारीख आहे २३ फेब्रुवारी १६७२. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध झालं ६ मार्च १६७२ रोजी. आजच्या पद्धतीने वाचलं तर माणूस आधी मेला, मग कोर्टात मृत्युपत्र आलं, आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी त्याने ते लिहिलं. यात चूक कुणाचीच नाही. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे तेव्हाचा १६७२ चा फेब्रुवारी हा आपल्या हिशेबाने १६७३ चा. मोडी कागदातला सुहूर सन इसवीत आणताना जी सावधगिरी लागते, तीच इथे. म्हणून अभ्यासक अशा तारखा १६७२/३ असं जोडसाल घालून लिहितात. ज्याला हे ठाऊक नाही तो भावंडांचा क्रम उलटा लावून बसतो, किंवा लग्नाआधी मूल झालं म्हणून एखाद्या बाईवर भलताच ठपका ठेवतो.

जॉनच्या मृत्युपत्रात जॉन, जोसेफ, जबेझ आणि आयझॅक हे चार मुलगे आहेत. सहा मुली सासरच्या आडनावांनी येतात: डिझायर गोरम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. मुलींना वीस-वीस शिलिंग. वीस शिलिंगांत फारसं काही येत नसेल, पण साडेतीनशे वर्षांनंतर शोधणाऱ्याला ती यादी लाखमोलाची आहे, कारण सहा बायकांचं माहेर एका कागदावर सिद्ध होतं. शिवाय एका नातीलाही वीस शिलिंग: एलिझाबेथ हाऊलंड, मुलगा जॉनची मुलगी.

आई एलिझाबेथ पुढे लेक लिडिया हिच्याकडे स्वॉन्झी गावी राहायला गेली. तिचं मृत्युपत्र १७ डिसेंबर १६८६ चं. ते वाचताना कारभारी कागदामागचं घर दिसायला लागतं. थोरल्या जॉनला पाच पौंड आणि टिंडल यांचं पुस्तक. जोसेफला वजनकाटा. जबेझला पिसांची गादी आणि मोठं लोखंडी भांडं. आयझॅकला पितळेची मोठी किटली, जी आधीच त्याच्या घरी होती. लिडियाला सगळ्यात चांगली गादी, हिरवं पांघरूण, लहान कपाट, लहान बायबल आणि लायडनचे धर्मगुरू रॉबिन्सन यांचं पुस्तक. जवळजवळ प्रत्येकाला चादरींची एकेक जोडी. पुस्तकं कुणाला आणि भांडी कुणाला हे त्या बाईने नीट विचार करून ठरवलेलं दिसतं. पहिल्या हिवाळ्यात आईबाप गमावलेल्या पोरीने पासष्ट वर्षांनी हा भरलेला संसार वाटून दिला.

शोधकाच्या दृष्टीने या मृत्युपत्रातल्या दोन गोष्टी मोलाच्या. एक म्हणजे, यात मुलींपैकी फक्त तिघी आहेत. डिझायर, होप आणि रूथ नाहीत. हे एकच मृत्युपत्र हाती असतं तर कुणी म्हणालं असतं की एलिझाबेथला तीनच मुली. प्रत्यक्षात नाव नसलेल्या या तिघी आईच्या आधीच गेल्या होत्या. मृत्युपत्रात नाव नसणं म्हणजे मूल नसणं नव्हे. कधी मूल आधी वारलेलं असतं, कधी त्याचा वाटा आधीच दिलेला असतो. दुसरी गोष्ट, इथे एका नातीचं नाव एलिझाबेथ बर्स्ली असं आहे. १६७२ च्या कागदातली नात एलिझाबेथ हाऊलंड हीच ती. मधल्या काळात तिचं लग्न झालं आणि आडनाव बदललं. दोन मृत्युपत्रं शेजारी ठेवली की एका बाईच्या आयुष्याचे दोन तुकडे सांधले जातात.

लेक एलिझाबेथचंही असंच. वडिलांच्या मृत्युपत्रात ती डिकिन्सन आहे, म्हणून कुणी फक्त डिकिन्सनच शोधेल. पण तिचं पहिलं लग्न १६४९ मध्ये इफ्रेइम हिक्सशी झालं होतं आणि ती त्याच वर्षी विधवा झाली. हे हिक्स नाव दोन्ही मृत्युपत्रांत कुठेच नाही.

हेन्लो

ब्रॅडफर्ड यांच्या यादीने वडिलांचं नाव दिलं, गाव दिलं नाही. इंग्लंडमध्ये हजारो पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले विभाग, प्रत्येकाची आपापली नोंदवही, आणि टिली हे आडनाव काही दुर्मीळ नव्हे. लायडनच्या चुकीच्या वाटेनेही लोकांना बराच काळ अडकवून ठेवलं. १८५६ नंतरची कितीतरी वर्षं त्यात गेली.

१९७६ मध्ये रॉबर्ट ली वॉर्ड यांचा लेख ‘दि अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात आला. त्यांनी टिली कुटुंब बेडफर्डशरमधल्या हेन्लो या गावी दाखवलं. जॉन टिलीचा बाप्तिस्मा १९ डिसेंबर १५७१. त्याचं लग्न २० सप्टेंबर १५९६, जोन हिच्याशी. जोन माहेरची हर्स्ट. आणि ३० ऑगस्ट १६०७ रोजी मुलगी एलिझाबेथचा बाप्तिस्मा.

जोनबद्दल एक सापळा सांगायलाच हवा. टिलीशी लग्न झालं तेव्हा ती विधवा होती आणि पहिल्या नवऱ्याचं नाव थॉमस रॉजर्स. मेफ्लॉवरवरही थॉमस रॉजर्स नावाचा एक प्रवासी आहे. जो नुसती नावं जुळवत जातो तो इथे आनंदाने उडी मारेल. पण जोनचा थॉमस रॉजर्स १५९६ च्या आधीच वारला होता.

आता खरा प्रश्न: हेन्लोची एलिझाबेथ टिली ही प्लिमथचीच कशावरून? त्या काळात एलिझाबेथ हे नाव घरोघरी होतं. वॉर्ड यांच्या कामाचं बळ इथे कळतं. त्यांनी एकटी टिली मंडळी नाही, तर जहाजातले सात जण त्या गावाच्या आणि त्याच्या परिसराच्या नातेगोत्यात बसवून दाखवले. ब्रॅडफर्ड यांच्या यादीत जॉन टिलीच्या शेजारी एडवर्ड टिली आणि त्याची बायको ॲन आहेत, आणि त्यांच्यासोबत हेन्री सॅम्सन व ह्युमिलिटी कूपर ही दोन नात्यातली मुलं. हेन्लोच्या नोंदींत एडवर्ड हा जॉनचा धाकटा भाऊ निघतो, त्याची बायको माहेरची कूपर निघते, आणि हेन्री सॅम्सनचा बाप्तिस्माही तिथेच, १६०३/४ च्या जानेवारीत. एक नाव योगायोगाने जुळेल. टिली, कूपर आणि सॅम्सन ही तिन्ही आडनावं, तीही एकमेकांशी त्याच नात्यांनी बांधलेली, एका छोट्या गावात योगायोगाने जुळणार नाहीत. म्हणून एकट्या माणसाचा शोध अडला की त्याच्या आजूबाजूची माणसं शोधावीत. प्रवासाला निघणारे बहुधा आपल्या माणसांबरोबरच निघतात.

शेवटचा धागा एलिझाबेथने स्वतः दिला आहे. १६८६ च्या मृत्युपत्रात तिने आपलं वय एकोणऐंशी सांगितलं, आणि डिसेंबर १६८७ मध्ये ती वारली तेव्हा नोंदीत ऐंशी आहे. दोन्ही आकडे १६०७ वर येऊन थांबतात. हेन्लोच्या पाद्र्याने मुलीच्या बाप्तिस्म्याला लिहिलेलं साल आणि त्या मुलीने म्हातारपणी अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर सांगितलेलं वय, मध्ये ऐंशी वर्षं आणि एक महासागर, आणि तरी नेमकं जुळतं. हे वाचताना मला फार आनंद होतो.

वंशजांपर्यंतची साखळी

एलिझाबेथची दहाही मुलं मोठी होऊन संसाराला लागली, त्यामुळे तिच्या वंशजांची संख्या अफाट आहे. अमेरिकेचे तीन राष्ट्राध्यक्ष, फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश पितापुत्र, त्यांत येतात. आता अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांतही सुनेच्या किंवा जावयाच्या बाजूने अशी एखादी ओळ येऊ शकते, आणि नातवंडं विचारू लागली की आजी-आजोबांना या कागदांत शिरावं लागतं.

तेव्हा हे जरूर माहीत असावं की अवघड भाग १६२० च्या आसपासचा नाही. पहिल्या पाच पिढ्यांवर १८९७ मध्ये स्थापन झालेल्या जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स या संस्थेने चंदेरी बांधणीचे खंड काढले आहेत आणि ते पुराव्यानिशी आहेत. साखळी तुटते ती साधारण १७८० ते १८५० च्या दरम्यान. कुटुंबं जुनी गावं सोडून न्यूयॉर्क, ओहायोकडे सरकली, आणि नव्या मुलखात जन्ममृत्यूची नोंद ठेवणारं कुणी नव्हतं. देशाची शिरगणती १७९० पासून आहे, पण १८५० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. १८२० मधली एखादी बायको किंवा मुलगी तिथे एक रेघ असते. अशा वेळी जमिनीची खरेदीखतं, वारसांच्या वाटण्या आणि स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज कामाला येतात. शेवटच्या प्रकारात विधवेला आपलं लग्न सिद्ध करावं लागे, म्हणून कधी कुटुंबाच्या बायबलमधली नोंदींची पानंच फाडून जोडलेली सापडतात.

डीएनए चाचणीबद्दल हल्ली पहिला प्रश्न येतो. बारा पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात चार हजार शहाण्णव जागा असतात. त्यांतल्या एका जोडप्याचा अंश आपल्यात उरलाच असेल असं नाही. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र हाऊलंड पुरुषांची ओळ तपासायला उपयोगी, आईकडून लेकीकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए डिझायर, होप यांच्या लेकींच्या ओळीला. एलिझाबेथच्या वडिलांचं नाव टिली की कार्व्हर, हे यातली कुठलीही चाचणी सांगू शकली नसती. ते ब्रॅडफर्ड यांच्या ओळीनेच सांगितलं.

उरलेलं: जॉन

गंमत अशी की ज्याच्या नावाने दगड बसला त्या जॉनचाच बाप्तिस्मा अजून सापडलेला नाही. त्याचे भाऊ आर्थर आणि हेन्री हेही वसाहतीत आले. तिसरा भाऊ हंफ्री लंडनमध्ये कापडव्यापारी होता, आणि त्याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात आर्थर, जॉन आणि हेन्री या भावांची नावं आहेत. वडील हेन्री हाऊलंड हंटिंग्डनशरमधल्या फेनस्टॅन्टनचे, १६३५ मध्ये तिथेच पुरलेले. हंटिंग्डनशर हा बेडफर्डशरला लागून असलेला परगणा. भावांच्या आधाराने जॉनचं घराणं ठरलं, जन्मसाल ठरलं नाही.

प्लिमथच्या दप्तरात मृत्यूच्या वेळी तो ऐंशीच्या वर होता असं आहे. ते धरलं तर जन्म १५९३ च्या आधीचा, आणि समुद्रात पडला तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. पण ब्रॅडफर्ड त्याला धडधाकट तरुण म्हणतात, आणि तेव्हा तो अजून दुसऱ्याच्या घरी नोकर होता, जे वय साधारण पंचविशीच्या आतलं. म्हाताऱ्या माणसांचं वय लोक वाढवून सांगत, ही त्या काळातल्या नोंदींची सवयच आहे. एलिझाबेथचं ऐंशी बाप्तिस्म्याने सिद्ध झालं, जॉनच्या ऐंशीला तसा आधार नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक त्याचा जन्म १५९९ च्या सुमाराचा धरतात. वंशावळीत लिहिताना तो ‘सुमारे’ हा शब्द गाळू नये, आणि कुणाच्या झाडावर जॉन हाऊलंडच्या जन्माची नेमकी तारीख दिसली तर ती कोणत्या नोंदवहीतून आली हे आधी विचारावं.